विंकेनवर्डर, विल्यम (कनिष्ठ)

अमेरिकन डॉक्टर आणि आरोग्यविमा क्षेत्रातील व्यवस्थापक. ऑक्टोबर २००१ ते एप्रिल २००७ या काळात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात आरोग्य विभागाचे सहायक सचिव. या पदावर राष्ट्राध्यक्ष नेमणूक करतात व सिनेट तिला मंजुरी देते. भारतात सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेचा महासंचालक लेफ्टनंट जनरल किंवा त्या तोडीचा गणवेशधारी अधिकारी असतो. अमेरिकेत मात्र या कामाची सर्वांत वरची खुर्ची मुलकी आहे.

डेव्हिडसन कॉलेजात पदवी, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात वैद्यकशास्त्र आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमधून एमबीए असे त्यांचे शिक्षण झाले. मेडिकेअर ही वृद्धांसाठीची आरोग्यविमा योजना चालवणाऱ्या सरकारी यंत्रणेत काही काळ काम केल्यावर कैसर पर्मनंटे, एमरी विद्यापीठाची रुग्णसेवा आणि शेवटी बॉस्टनच्या ब्लू क्रॉस ब्लू शील्ड ऑफ मॅसॅच्युसेट्स या विमा कंपनीचे कार्यकारी उपाध्यक्षपद, असा त्यांचा प्रवास आहे.

पेंटागॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, त्यांच्याकडे आलेला पसारा मोठा होता : सैनिक, निवृत्त सैनिक व कुटुंबीय मिळून सुमारे ९० लाख लाभार्थी, सत्तरच्या वर रुग्णालये आणि बाहेरच्या डॉक्टरांकडे उपचार मिळवून देणारी ट्रायकेअर योजना. धोरण आणि पैसा त्यांच्या हाती होता. रुग्णालयांवर हुकूम मात्र चालत नव्हता. भूदल, नौदल व वायुदलाचे स्वतंत्र सर्जन जनरल आपापली रुग्णालये चालवत आणि आपापल्या दलाला जबाबदार असत. विंकेनवर्डर यांच्या यशापयशाचा बराचसा उलगडा या फटीत होतो.

त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना जेमतेम सात आठवडे झाले होते आणि टपालातून आलेल्या अँथ्रॅक्सच्या पाकिटांनी राजधानी हादरली होती. साहजिकच विमा कंपनीतून आलेल्या या अधिकाऱ्याचे पहिले मोठे काम लशीचे ठरले. १३ डिसेंबर २००२ ते २८ मे २००३ या साडेपाच महिन्यांत देवीचा विषाणू शस्त्र म्हणून वापरला जाईल या भीतीने ४,५०,२९३ जणांना देवीची लस टोचण्यात आली. रोग तेव्हा जगात कुठेच नव्हता. त्यामुळे निरोगी तरुणांना लशीपासून इजा होऊ न देणे हीच खरी कसोटी होती. त्वचेचे विकार, गर्भारपण, दुबळी प्रतिकारशक्ती यांची आधी चाळणी लावूनच टोचणी केली गेली. तरीही हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज आल्याचे ३७ रुग्ण आढळले. विंकेनवर्डर यांनी सहलेखक जॉन ग्राबेनस्टाइन यांच्यासह हे आकडे अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात स्वतःहून मांडले, ही त्यांच्या कारकिर्दीतली जमेची बाजू. अँथ्रॅक्सच्या सक्तीच्या लशीबाबत इतके सुरळीत घडले नाही : सैनिक न्यायालयात गेले आणि २००३ व २००४ मध्ये न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी ती सक्ती थांबवली.

इराक व अफगाणिस्तानातील जखमींच्या बाबतीत या काळात मोठा पल्ला गाठला गेला. मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावच्या घराण्यातले शल्यविशारद अतुल गावंडे यांनी डिसेंबर २००४ मध्ये लिहिलेल्या लेखानुसार व्हिएतनाम युद्धात जखमींपैकी २४ टक्के दगावत, ते प्रमाण आता १० टक्क्यांवर आले होते. आघाडीलगतच्या छोट्या शल्यपथकाने रक्तस्राव थांबवण्यापुरती शस्त्रक्रिया करायची, पोट उघडेच ठेवून माणूस पुढे धाडायचा, आणि जर्मनीतील लांडस्टूलमार्गे चारेक दिवसांत मायदेशी पोहोचवायचा, अशी ही साखळी. हे श्रेय मुख्यतः गणवेशातल्या डॉक्टरांचे. विंकेनवर्डर यांच्या कार्यालयाने पैसा पुरवला, जखमींच्या नोंदींना पाठबळ दिले.

क्यूबातील ग्वांतानामो या अमेरिकी तळावरील कैद्यांसंबंधीचे जून २००६ चे वैद्यकीय निर्देशही त्यांच्याच काळातले. उपचार करणारे डॉक्टर व चौकशीला सल्ला देणारे मानसतज्ज्ञ यांची कामे त्यात वेगळी केली गेली. उपोषण करणाऱ्यांना नळीने बळजबरीने अन्न देण्याची मुभा मात्र राहिली. वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी त्यावर कडाडून टीका केली आणि ती रास्तच होती.

विमा व्यवसायातला अनुभव कामी आला तो ट्रायकेअरमध्ये. सात कंत्राटांचा गुंता मोडून २००३ मध्ये देशाचे तीन विभाग आणि तीन कंत्राटदार ठरवले गेले. पण खर्च थांबेना. २००१ मध्ये १९ अब्ज डॉलर असलेला लष्करी आरोग्यसेवेचा वार्षिक खर्च २००६ पर्यंत ३८ अब्जांवर गेला. ६५ वर्षांखालील निवृत्तांची वार्षिक वर्गणी एकट्याला २३० व कुटुंबाला ४६० डॉलर अशी दहा वर्षे जागची हललेली नव्हती. ती वाढवण्याचा प्रस्ताव त्यांनी २००६ मध्ये पुढे रेटला. कोणत्याही खासगी कंपनीत असा निर्णय एका बैठकीत झाला असता. इथे माजी सैनिकांच्या संघटना उठल्या आणि युद्ध चालू असताना काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो हाणून पाडला. वर्गणी वाढली ती २०११ मध्ये, तीही ३० आणि ६० डॉलरनी.

फेब्रुवारी २००७ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील इमारत क्रमांक १८ ची दशा उघड केली. भिंतींना बुरशी, खोल्यांत उंदीर, आणि हातपाय गमावलेले सैनिक कागदपत्रांसाठी महिनोन्‌महिने खेटे घालत असलेले. शस्त्रक्रिया उत्तम, पण त्यानंतर माणसाकडे पाहायला कोणी नाही. भूदल सचिव फ्रान्सिस हार्वी यांना राजीनामा द्यावा लागला, रुग्णालयाचे प्रमुख हटवले गेले. ही बातमी आपल्याला अनपेक्षित होती असे विंकेनवर्डर म्हणाले. रुग्णालय भूदलाचे होते, त्यांचे नव्हते, हे नियमाने खरेच. पण पाच वर्षे ज्याच्या हाती खर्चाची किल्ली होती त्याला ते ठाऊक नसावे, ही सबब लंगडी वाटते. एप्रिलमध्ये ते पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले एस. वॉर्ड कॅसल्स हे ह्यूस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ पन्नाशी उलटल्यावर राखीव दलात दाखल होऊन इराकला जाऊन आले होते.

विंकेनवर्डर २०१२ मध्ये पिट्सबर्गच्या हायमार्क या विमा कंपनीचे प्रमुख झाले व २०१४ मध्ये तिथून बाहेर पडले. त्यांच्या काळातली धोरण आणि हुकूम यांमधली फट बुजवण्यासाठी तिन्ही दलांची रुग्णालये एकाच आरोग्य संस्थेकडे सोपवण्याचा कायदा २०१६ च्या डिसेंबरात झाला. ती सोपवणूक चालू असताना, २०१९ मध्ये, आरोग्य विभागाच्या सहायक सचिवाच्या खुर्चीवर आलेले टॉमस मॅककॅफरी हेही पूर्वी ब्लू शील्ड ऑफ कॅलिफोर्निया या विमा कंपनीत अधिकारी होते.