छोट्या बोटीत पाणी साचू नये म्हणून स्कपर आणि ड्रेन प्लग कसे निवडायचे?

वराळ्याहून पवना धरणावर कयाकिंगला गेलात तर नीट बघा, बऱ्याच प्लास्टिकच्या कयाकला बसायच्या जागेजवळ आरपार भोकं असतात. त्यातून थोडं पाणी वर येतं, पँट भिजते आणि पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं, बोट फुटकी आहे! मलाही तसंच वाटलं होतं. पण ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. त्यांना स्कपर म्हणतात. काम बाथरूमच्या मोरीचंच, फक्त इथे मोरीच्या पलीकडेही पाणीच असतं. सगळी गंमत (आणि धोका) तिथेच आहे.

आधी पातळी बघा

पाणी उंचावरून खाली जातं. म्हणून डेक बाहेरच्या पाण्यापेक्षा वर असेल तरच स्कपर उपयोगी. साध्या उघड्या होडीचा तळ पाण्याच्या पातळीखाली असतो. तिथे भोक पाडलं तर पाणी आतच येणार. म्हणून तिथे डब्याने पाणी उपसावं लागतं.

रिकामी बोट बघून निर्णय घेऊ नका. जेवढी माणसं आणि सामान नेणार तेवढं चढवा, काठाजवळच्या उथळ पाण्यात बोट उभी करा आणि मग भोकातून पाणी वर येतं का ते बघा. येत असेल तर वजन कमी करा किंवा झडपेचा, म्हणजे वन-वे स्कपर लावा. त्याची रबरी झडप पाणी बाहेर सोडते, उलटं येऊ देत नाही. पण झडपेत खडा किंवा वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा अडकला की ती उघडीच राहते, त्यामुळे दर वेळी बोट फिरवून तपासा.

कयाकच्या स्कपरला बूच लावायचं का? शांत पाण्यात लावा, कोरडे राहाल. वारा सुटून लाटा आत येत असतील तर काढा.

साइज किती?

भोकाचा व्यास दुप्पट केला की पाणी चौपट जातं. डेकवर 5 सेंमी पाणी असेल तर 38 मिमीच्या स्कपरमधून मिनिटाला अंदाजे 40 लिटर जातं, 19 मिमीतून फक्त 10. हे किरकोळ वाटतं? 3 मीटर बाय 1 मीटर डेकवर 5 सेंमी पाणी म्हणजे 150 किलो वजन, आणि ते वजन एका जागी राहत नाही. बोट कलली की सगळं त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं.

ड्रेन प्लग वेगळा

हा बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी खाली असतो. बोट काठावर ओढल्यावर पाणी काढायला उघडायचा, पाण्यात जाताना बंद. 25 मिमीचा प्लग पातळीखाली 30 सेंमीवर असेल आणि लावायचा राहिला, तर मिनिटाला साधारण 43 लिटर पाणी आत येतं. '500 जीपीएच' लिहिलेला पंप कागदावरच मिनिटाला 32 लिटर फेकतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणजे पंप हरतो.

धरणाच्या गोड्या पाण्यात पितळी प्लग ठीक. कोकणात खाऱ्या पाण्यात नेणार असाल तर ब्राँझ किंवा मरीन-ग्रेड नायलॉन घ्या. ॲल्युमिनियमच्या बोटीला पितळ नकोच, सांध्यापाशी ॲल्युमिनियम गंजतं. लाकडी बोटीत भोक पाडल्यावर आतली कड आधी इपॉक्सीने बंद करा, नाहीतर लाकूड आतून कुजतं. आणि प्लग दोरीने बोटीलाच बांधून ठेवा. खिशात ठेवलेला प्लग नेमका घरी राहतो.