भोजनमंडपातलं ताट कुणी टिपलं?

मंडळी, आजचा विषय खिशातल्या चपट्या कॅमेऱ्याचा. पण सुरुवात शिवनेरीपासून.

शिवनेरी म्हटलं की १६३० आणि शिवजन्म आठवणारच. पण त्याच डोंगराच्या कड्यांत इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी लेखात चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. जुन्नरच्याच आणखी एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली, असं कोरलंय. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख १८८१ साली पुस्तकरूपात छापले.

म्हणजे जेवणाची जागा कळते, देणारा कळतो, धान्यवालेही कळतात. त्या मंडपात ताटात काय वाढलं जायचं आणि ते कोण रांधायचं, हे मात्र लेख सांगत नाही. खर्च करणाऱ्याचं नाव दगडावर राहिलं, रांधणाऱ्याचं राहिलं नाही.

शेजारच्या तालुक्याची गोष्ट तर अगदी अलीकडची. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याचं नाव पडलं, ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं मुख्यालय घोडेगावला. सरकारदरबारी बुडालेल्या जमिनीचा हिशोब असतो, बुडालेल्या चुलींचा नसतो.

म्हणून स्वयंपाक चालू असताना टिपायचा. उदाहरण घ्या या भागातल्या मासवडीचं. नावात मास असलं तरी पदार्थ शाकाहारी! बेसन शिजवून गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ-खोबरं-कांदा-लसणाचं सारण पसरायचं, फडक्यानेच गुंडाळायचं आणि मग वड्या पाडायच्या. सगळी गंमत त्या थापण्या-गुंडाळण्यात आहे. ती दोन मिनिटांत उरकते, कारण बेसन निवलं की चिरतं. तिथे तिपाई लावून मोठा कॅमेरा जुळवत बसलात तर वड्या ताटात आलेल्या असतात.

खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याची ओढ जुनी आहे. कोडॅकचा पॉकेट कॅमेरा १८९५चा, घडी होणारा व्हेस्ट पॉकेट १९१२चा. डिजिटल जमान्यात २००२ साली दोन रस्ते दिसले. मिनोल्टाच्या डिमाज एक्सने प्रिझमने प्रकाश काटकोनात वळवला आणि झूम भिंग कॅमेऱ्याच्या आत उभं बसवलं. जाडी फक्त २० मिलिमीटर! कॅसिओचा एक्झिलिम ईएक्स-एस१ तर ११.३ मिलिमीटरचा, पण त्याचा फोकस कायमचा ठरलेला आणि झूम नाही. शर्टाच्या खिशाला उत्तम, पण जवळ धरलेली वडी धूसर.

तेव्हा जुन्या बाजारात असा कॅमेरा घेताना मेगापिक्सेल आधी बघू नका. मॅक्रोमध्ये किती जवळून फोकस होतो ते बघा. पाच-दहा सेंटिमीटर असेल तर वडीतलं सारण दिसेल. व्हाइट बॅलन्स हाताने बदलता यावा, नाहीतर पिवळ्या बल्बखाली बेसन आणखीच पिवळं. लहान सेन्सरचा एक फायदाही आहे: अख्खं ताट सहज फोकसमध्ये येतं. बॅटरी अजून मिळते का, हेही विचारून घ्या. आणि फ्लॅश बंद होतो ना? चपट्या कॅमेऱ्यात तो भिंगाला चिकटून असतो, समोरून उजेड मारतो आणि सगळं सपाट करतो. झिजलेला शिलालेख वाचायला तिरपा उजेड लागतो, तोच भाकरीच्या पापुद्र्यालाही लागतो. खिडकीजवळ उभं राहा, झालं.

यातलं बरंच काही आजचा फोनही करतो, जरूर वापरा. फक्त जुन्या कॅमेऱ्यात बॅटरी बराच काळ काढून ठेवली की तारीख पुसली जाते. फोटो काढण्याआधी ती लावून घ्या. नंतर फाईलला गावाचं नाव द्या, आणि करणारीची हरकत नसेल तर तिचंही.