स्तनाचा कर्करोग आणि दुर्मिळ चेताविकार : एका वैद्यकीय संकल्पनेचा इतिहास (१९१९–२०२१)

प्रस्तावना

कर्करोगाची गाठ शरीराच्या एका भागात असते, तर तिचे परिणाम कधी कधी दूरच्या अवयवांत दिसतात. अर्बुदाच्या पेशी मेंदूपर्यंत पोहोचलेल्या नसतानाही काही रुग्णांचा तोल जातो, डोळ्यांची बुबुळे अनियंत्रितपणे हलू लागतात किंवा स्नायू ताठरतात. अशा विकारांना वैद्यकशास्त्रात 'पॅरानिओप्लास्टिक' लक्षणसमूह म्हणतात. कर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे एकाहूनही कमी जणांत ते आढळतात. त्यांपैकी तीन प्रमुख विकारांचा स्तनाच्या कर्करोगाशी निकटचा संबंध आहे. हा संबंध कसा उलगडत गेला आणि त्या प्रक्रियेत रुग्ण स्त्रीच्या तक्रारीला कोणते स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

संबंधाची पहिली जाणीव

डच मेंदूविकारतज्ज्ञ ब्राउवर यांनी १९१९ मध्ये अनुमस्तिष्काचा, म्हणजे लहान मेंदूचा, ऱ्हास झालेल्या एका स्त्रीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिला अंडाशयाचा कर्करोगही होता. मात्र या दोन व्याधींमधील नात्याचा विचार ब्राउवर आणि बीमाँड यांच्या १९३८ च्या लेखनात पुढे आला. शरीराच्या हालचालींत सुसूत्रता राखणाऱ्या 'पुर्किंजे' पेशी अशा रुग्णांत मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते. परंतु त्यामागचे कारण सांगता येत नव्हते. १९४८ मध्ये डेनी-ब्राउन यांनी कर्करोगाच्या रुग्णांतील संवेदी चेतांच्या विकाराचे वर्णन केले. १९४९ मध्ये ग्विशार आणि विन्यों या फ्रेंच वैद्यांनी 'पॅरानिओप्लास्टिक' ही संज्ञा वापरली. १९५१ मध्ये ब्रेन, डॅनियल आणि ग्रीनफिल्ड यांनी अनुमस्तिष्काचा ऱ्हास आणि कर्करोग यांच्या संबंधाची स्वतंत्र चर्चा केली. विषारी द्रव्य, विषाणू, पोषणातील न्यूनता अशी अनेक अनुमाने त्या काळात मांडली गेली. संबंध मान्य झाला होता. यंत्रणा अज्ञात होती.

'ताठर पुरुष' आणि त्या नावाआडच्या स्त्रिया

१९५६ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील मर्श आणि वोल्टमन यांनी ३२ वर्षांत पाहिलेल्या १४ रुग्णांचे वर्णन केले. पहिला रुग्ण १९२४ मध्ये आलेला एक शेतकरी होता. पाठीचे, पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू सतत ताठ राहणे, अचानक आवाज झाला वा दचकायला झाले की वेदनादायक आकडी येणे आणि लाकडी ओंडक्याप्रमाणे कोसळणे ही त्याची लक्षणे. या विकाराला 'स्टिफ-मॅन सिंड्रोम', अर्थात 'ताठर पुरुष लक्षणसमूह', असे नाव मिळाले. १९६३ मध्ये डायझेपाम हे औषध उपयुक्त असल्याचे हॉवर्ड यांनी दाखविले, तरीही निदानाची अडचण सुटली नाही. लक्षणे भावनिक ताणाने वाढत असल्यामुळे अनेक रुग्णांची तक्रार मानसिक ठरविली जाई. पुढे हा विकार स्त्रियांतच अधिक आढळतो हे स्पष्ट झाल्यावर 'स्टिफ-पर्सन' हे नाव रूढ होत गेले.

प्रतिपिंडांचे युग

१९८३ मध्ये ग्रीनली आणि ब्रॅशिअर यांना अंडाशयाचा कर्करोग व अनुमस्तिष्काचा ऱ्हास असलेल्या दोन स्त्रियांच्या रक्तात पुर्किंजे पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रात पोस्नर यांच्या गटाने या शोधाचा विस्तार केला. तेथे प्रतिपिंडांना रुग्णांच्या आडनावांतील पहिल्या दोन अक्षरांवरून 'यो', 'री' अशी नावे देण्यात आली. मेयो क्लिनिकने त्यांनाच 'पीसीए-१' आणि 'एएनएनए-२' म्हटले. १९९२ मध्ये 'यो' प्रतिपिंडे असलेल्या ५५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्या सर्व स्त्रिया होत्या, त्यांतील बहुतेकींना स्तनाचा किंवा जननेंद्रियांचा कर्करोग होता आणि बहुसंख्य स्त्रियांत चेताविकार कर्करोगाच्या निदानाआधी प्रकट झाला होता. १९९१ मध्ये 'री' प्रतिपिंडांचा संबंध बुबुळांच्या अनियंत्रित हालचाली आणि स्तनाचा कर्करोग यांच्याशी जोडला गेला. १९९३ मध्ये फोल्ली आणि सहकाऱ्यांनी ताठरतेचा विकार व स्तनाचा कर्करोग असलेल्या तीन स्त्रियांत १२८ किलोडाल्टन वजनाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे नोंदविली. हे प्रथिन म्हणजे चेतासंधीतील 'अँफिफायसिन' होय.

या शोधांतून कार्यकारणभावाची दिशा मिळाली. एरवी चेतापेशींत आढळणारे प्रथिन अर्बुदाच्या पेशीही निर्माण करतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा अर्बुदावर हल्ला चढविते आणि तोच हल्ला चेतापेशींवरही होतो. मात्र सर्व प्रतिपिंडांची भूमिका सारखी नाही. 'यो' प्रकारात प्रतिपिंडे मुख्यतः खूण म्हणून उपयोगी पडतात. प्रत्यक्ष विध्वंसात 'टी' पेशींचा मोठा वाटा असावा, याला १९९८ मधील संशोधनाने पुष्टी दिली. अँफिफायसिनविरोधी प्रतिपिंडे उंदरांच्या वर्गातील प्राण्यांत टोचली असता ताठरतेची लक्षणे उद्भवतात, हे २००५ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखविले.

इतिहासाचा बोध

पुर्किंजे पेशी एकदा नष्ट झाल्या की परत निर्माण होत नाहीत. म्हणून गाठ लवकर शोधून तिच्यावर उपचार करणे आणि प्रतिकारयंत्रणेला आवर घालणे हाच मार्ग राहतो. येथे वेळ निर्णायक असतो, आणि नेमक्या याच ठिकाणी उपरोक्त इतिहास महत्त्वाचा ठरतो. रक्तातील पुरावा हाती येईपर्यंत अनेक स्त्रियांच्या तक्रारी अविश्वासात अडकून पडल्या. प्रतिपिंडांच्या चाचणीने त्या तक्रारींना वैद्यकीय मान्यता दिली; पण त्याबरोबर चाचणी नकारात्मक आली की तक्रारच निराधार मानण्याचा नवा धोकाही निर्माण झाला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सुधारलेल्या निकषांत लक्षणांचे स्वरूप, प्रतिपिंडे आणि कर्करोगाचा शोध या तिन्हींना स्वतंत्र गुण दिले आहेत. ज्यांच्यात कर्करोगाची शक्यता अधिक वाटते, अशा रुग्णांत पहिल्या तपासणीत गाठ न सापडल्यास दर ४ ते ६ महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत, पुन्हा शोध घ्यावा, असे तेथे सुचविले आहे.

समारोप

सुमारे शंभर वर्षांच्या या वाटचालीत संशोधकांची नावे ग्रंथांत राहिली, तर ज्या रुग्णांच्या रक्तातून हे ज्ञान मिळाले त्यांची ओळख दोन अक्षरांपुरती उरली. रुग्णाची गोपनीयता जपणे आवश्यकच आहे. तथापि, या ज्ञानाचा आरंभ प्रयोगशाळेत झाला नाही. तोल जात असल्याचे किंवा अंग आखडत असल्याचे सांगणाऱ्या व्यक्तीच्या शब्दांत झाला, याचे विस्मरण होऊ नये. मध्यमवयीन स्त्रीला अकस्मात असा त्रास सुरू झाल्यास मेंदूबरोबर स्तन आणि अंडाशय यांचीही तपासणी करणे, हे या इतिहासाने शिकविलेले सर्वांत व्यवहार्य सूत्र होय.