मराठी ख्रिस्ती भक्तिगीतकारांचे जीवन व कार्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पवनाकाठचे काळेवाडी हे पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील एक दाट वस्तीचे उपनगर. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला आणि पुढील दशकांत या परिसरात महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून कामगार कुटुंबे आली. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातून आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर भजनांचा वारसाही आणला. मराठी उपासनेत आजही गायिल्या जाणाऱ्या या पदांचे कर्ते कोण होते, आणि मराठी वाङ्मयेतिहासाने त्यांची कितपत दखल घेतली, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पूर्वपरंपरा

मराठी ख्रिस्ती पद्यरचनेचा आरंभ गोमंतकात झाला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. कथा बायबलमधील असली तरी तिचे पात्र ओवीचे होते. परकीय धर्मोपदेशकाने लोकांच्या छंदाचा स्वीकार केला, हे येथे लक्षणीय ठरते.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले व १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र स्थापन झाले. उपासनेत पाश्चात्त्य गीतांची भाषांतरे रूढ झाली. शब्द मराठी, पण चाल व वृत्त परके असल्यामुळे शब्दांची ओढाताण होई आणि ग्रामीण श्रोत्यास गीत आपले वाटत नसे. ही उणीव ओळखून कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर पदे रचली व कीर्तनाचा प्रकार ख्रिस्ती उपदेशासाठी वापरला. टिळकांच्या आधीच्या पिढीतील या रचनाकाराचे नाव चर्चबाहेर मात्र फारसे कोणास ठाऊक नाही.

नारायण वामन टिळक

रेव्हरंड टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन कुटुंबात झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची जबर किंमत त्यांना द्यावी लागली. नातलग दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी बनली. १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले.

तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची धारणा होती. त्यांची शंभराहून अधिक पदे मराठी उपासनेत रूढ झाली. 'अभंगांजली' हा संग्रह या वृत्तीची साक्ष देतो. या अभंगांत विठ्ठलाच्या जागी ख्रिस्ताचे नाव घातले एवढेच घडलेले नाही. आर्तता, सलगी, देवाशी भांडण्याचा हक्क हा सगळा वारकरी भाव तेथे नव्या श्रद्धेने आत्मसात केला आहे. निकोल मॅक्निकल यांच्या इंग्रजी अनुवादांमुळे टिळकांची काही पदे परदेशांतील गीतसंग्रहांतही पोहोचली.

हाच आग्रह त्यांच्या अखेरच्या निर्णयातही दिसतो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या शिष्यांना एकत्र आणणारी ही योजना होती. ती रुजण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाई टिळक

'स्मृतिचित्रे'च्या लेखिका म्हणून लक्ष्मीबाई (निधन १९३६) सर्वपरिचित आहेत. भक्तिकाव्यकार म्हणून त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांवरच थांबले होते. शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील चौसष्ट अध्याय रचून ते सिद्धीस नेले. विस्ताराच्या दृष्टीने हे काव्य प्रामुख्याने त्यांचेच ठरते. तरीही ते बहुधा पतीच्या नावे ओळखले जाते.

चालींचे कर्तृत्व

पाश्चात्त्य परंपरेत गीतकार व संगीतकार यांची नावे स्वतंत्रपणे नोंदली जातात. मराठी भजनांबाबत तसे म्हणता येत नाही. ओवी, अभंग व पद यांच्या चाली जात्यावर, दिंडीत व कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेल्या आहेत. त्यामुळे या भजनांचा संगीतकार शोधू गेल्यास एक व्यक्ती न सापडता एक समाज सापडतो.

निष्कर्ष

वाङ्मयेतिहासाने टिळकांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून आपलेसे केले, परंतु त्यांची भजने चर्चच्या भिंतीआड राहू दिली. उलट, उपासकांनी भजने जपली. त्यांचे संतपरंपरेशी असलेले नाते मात्र विस्मरणात जात आहे. दोन्ही बाजूंनी झालेली ही हानी आहे. काळेवाडीपासून तुकोबांचे देहू दूर नाही. या परिसरातील वृद्ध गायकांच्या कंठातील चालींचे ध्वनिमुद्रण व नोंदी महाविद्यालयीन पातळीवर वेळीच झाल्या, तर शब्द छापील राहून चाल नाहीशी होण्याचा धोका टळू शकेल. मराठी भक्तिकाव्याचा इतिहास सांगळे, टिळक व लक्ष्मीबाई यांच्यावाचून अपुराच राहील.