सेकंड हँड वस्तू ऑनलाइन घेतली आणि निराशा झाली? प्रामाणिक रिव्ह्यू कसा लिहायचा, जाणून घ्या

छत्रपती संभाजीनगरात जुना मोबाईल घ्यायचा असेल तर अनेकांची पावलं पैठण गेटकडे वळतात. तिथे फोन हातात घेता येतो, सिम टाकून बघता येतं, दोन दुकानं फिरून भाव करता येतो. आणि काही बिघडलंच तर दुकान कुठे आहे हे माहीत असतं.

ऑनलाइन घेताना यातलं काहीच नसतं. चार फोटो, पाच ओळींचं वर्णन आणि खाली आधीच्या ग्राहकांनी लिहिलेले रिव्ह्यू, एवढ्यावरच निर्णय घ्यावा लागतो. त्या रिव्ह्यूंवर विश्वास ठेवून आपण पैसे भरतो. मग वस्तू खराब निघाली की काहीजण रागात 'फ्रॉड आहे, घेऊ नका' एवढंच लिहून मोकळे होतात, आणि बरेचजण 'जाऊ द्या, कोण डोकं लावणार' म्हणत गप्प बसतात. दोन्हींमुळे पुढच्या ग्राहकाच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून या लेखात बघूया: रिव्ह्यू लिहिण्याआधी काय तपासायचं, त्यात काय लिहायचं, विक्रेत्याचा फोन आला तर काय करायचं आणि कायदा आपल्या बाजूने कुठपर्यंत आहे.

जुन्या वस्तूच्या रिव्ह्यूला जास्त महत्त्व का?

नवीन फोनचा प्रत्येक डबा जवळपास सारखाच असतो. जुन्या फोनचं तसं नसतं. एकाच मॉडेलचे दहा फोन दहा वेगवेगळ्या हातांतून आलेले असतात. कुणाची बॅटरी उतरलेली, कुणाचा डिस्प्ले बदललेला. हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच मांडलं. चांगला माल आणि वाईट माल ग्राहकाला वेगळा ओळखता आला नाही, तर तो दोन्हींना सारखाच कमी भाव देतो. मग चांगला माल असलेला विक्रेता बाजारातून बाहेर पडतो आणि वाईट मालच उरतो. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

थोडक्यात, प्रामाणिक रिव्ह्यू फक्त खराब विक्रेत्याला उघडं पाडत नाही, चांगल्या विक्रेत्याला टिकवूनही ठेवतो.

आधी हे ओळखा: तुम्ही नेमकं काय घेतलं?

* युज्ड किंवा सेकंड हँड: वापरलेली वस्तू, आहे त्या स्थितीत. ओरखडे आणि उतरलेली बॅटरी अपेक्षितच.
* रिफर्बिश्ड: वापरलेली किंवा परत आलेली वस्तू तपासून, गरज असेल तिथे दुरुस्त करून विकलेली. यात सहसा ग्रेड आणि थोडी वॉरंटी दिलेली असते.
* ओपन बॉक्स: डबा उघडलेला, पण वापर नसलेला किंवा अगदी कमी असलेला.

'युज्ड' लिहिलेल्या फोनवर ओरखडा आहे म्हणून एक स्टार देणं बरोबर नाही. पण 'ओरखडे नाहीत' असं लिहिलेल्या फोनवर ओरखडा निघाला, तर ते नक्की लिहायला हवं. तुलना नव्या वस्तूशी करायची नाही, विक्रेत्याने दिलेल्या वर्णनाशी करायची.

रिव्ह्यू लिहिण्याआधी ही पाच कामं करा

१. वर्णनाचा स्क्रीनशॉट काढा. वस्तू विकली गेली की ते पान बदलू शकतं किंवा गायब होऊ शकतं. ऑर्डर करतानाच काढला तर उत्तम.

२. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. लेबल, सील आणि वस्तू एकाच सलग व्हिडिओत दिसू द्या.

३. फोन असेल तर *#०६# डायल करा. येणारा आयएमईआय नंबर बिलावरच्या नंबराशी जुळतो का बघा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की तो फोन ब्लॅकलिस्टमध्ये आहे का ते कळतं. ही केंद्र सरकारची सोय आहे.

४. मोजता येईल ते मोजा. आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ टक्क्यांत दिसते. बदललेल्या भागांची माहितीही नव्या आयओएसमध्ये 'अबाउट' या पानावर मिळते. लॅपटॉप असेल तर फुल चार्जवर किती वेळ चालतो ते घड्याळ लावून बघा.

५. विक्रेत्याला आधी लेखी कळवा. अ‍ॅपमधल्या चॅटमध्येच लिहा, फक्त फोनवर बोलू नका. रिटर्नची मुदत संपण्याआधी रिटर्नची विनंती टाका. रिव्ह्यू नंतरही लिहिता येतो, रिटर्नची मुदत गेली की गेली.

रिव्ह्यूत काय लिहायचं?

समजा, सिल्लोडहून शहरात शिकायला आलेल्या एका मुलीने ११,५०० रुपयांत रिफर्बिश्ड फोन मागवला. ऑनलाइन क्लास आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास त्याच्यावरच होणार. पैसे वडिलांनी कापूस विकून पाठवलेले. फोन आला आणि बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना. तिचा राग अगदी साहजिक आहे. पण तिने रागात असं लिहिलं तर:

*"एकदम बकवास. चोर आहेत सगळे. पैसे वाया गेले. कुणीही घेऊ नका."*

हे वाचून पुढच्या माणसाला काय कळलं? फोन बंद पडला, तुटलेला आला की उशिरा आला? काहीच नाही. आता हाच अनुभव असा लिहिला तर:

*"रिफर्बिश्ड फोन, किंमत ११,५०० रुपये. वर्णनात बॅटरी ८५ टक्क्यांच्या वर असल्याचं लिहिलं होतं. सेटिंगमध्ये ७६ टक्के दिसली. सकाळी फुल चार्ज करून क्लास पाहिले तर दुपारी दोनला १५ टक्के उरते. मागच्या काचेवर एक ओरखडा आहे, तो फोटोत नव्हता. स्क्रीन, स्पीकर, सिम व्यवस्थित. पार्सल वेळेवर आलं. तिसऱ्या दिवशी विक्रेत्याला कळवलं. बॅटरी बदलून द्यायला नकार दिला, पण रिटर्न घेतला. पैसे सहा दिवसांनी परत आले."*

यात एकही शिवी नाही, तरी सगळं कळतं. विशेष म्हणजे जे चांगलं होतं तेही तिने लिहिलं. त्यामुळे वाईटावर जास्त विश्वास बसतो.

म्हणजे चांगल्या रिव्ह्यूत एवढं असावं:

* काय घेतलं, केवढ्याला आणि कोणत्या ग्रेडचं
* वर्णनात काय होतं आणि प्रत्यक्षात काय निघालं
* किती दिवस वापरून लिहिताय
* विक्रेत्याला कळवल्यावर त्याने काय केलं
* स्पष्ट फोटो, पण त्यात पत्ता, फोन नंबर, आयएमईआय किंवा ऑर्डर नंबर नको

किती स्टार द्यायचे?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. कुरिअरवाला उशिरा आला, म्हणून वस्तूला एक स्टार दिला जातो. वस्तू, विक्रेता आणि डिलिव्हरी या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. अनेक साइटवर त्यांची रेटिंगही वेगळी देता येते. तशी सोय नसेल तर निदान मजकुरात वेगळं लिहा.

वस्तू खराब निघाली, पण विक्रेत्याने कटकट न करता पैसे परत दिले, तर त्याला एक स्टार देणं अन्याय होईल. जुन्या मालात एखादा नग खराब निघतोच. खराब निघाल्यावर विक्रेता कसा वागला, यावरच त्याची खरी ओळख पटते.

विक्रेत्याचा फोन आला तर?

वाईट रिव्ह्यू टाकला की कधी कधी फोन येतो. "ताई, रिव्ह्यू काढा, लगेच पाचशे रुपये पाठवतो." किंवा उलट, "रिव्ह्यू काढला नाही तर केस करू."

पैसे घेऊन रिव्ह्यू काढू नका. अडचण तुमची सुटेल, पण पुढचा ग्राहक त्याच खड्ड्यात पडेल. गुगल मॅप्सच्या नियमांतही वाईट रिव्ह्यू बदलायला किंवा काढायला आमिष देणं बसत नाही. असा मेसेज आला तर स्क्रीनशॉट ठेवा आणि साइटकडे रिपोर्ट करा.

विक्रेत्याने खरोखर बॅटरी बदलून दिली किंवा पैसे परत केले, तर रिव्ह्यू काढण्याऐवजी अपडेट करा. वरचा मजकूर तसाच ठेवून खाली लिहा: "अपडेट: दहा दिवसांनी बॅटरी बदलून मिळाली, आता ठीक आहे." स्टारही वाढवा.

बदला घेतला जाण्याची ही भीती जुनी आहे. ईबेने १९९६ मध्ये ग्राहक आणि विक्रेता दोघांनी एकमेकांना अभिप्राय देण्याची पद्धत सुरू केली. पण 'तू मला वाईट म्हणालास, मी तुला म्हणतो' असं होऊ लागलं आणि ग्राहक खरं लिहायला कचरू लागले. शेवटी २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांना ग्राहकांविषयी नकारात्मक अभिप्राय देणं बंद केलं.

कायदा काय म्हणतो?

ई-कॉमर्स नियम, २०२०: विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायचा नाही. वस्तू सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर ती परत घ्यायला तो नकार देऊ शकत नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं.

आयएस १९०००:२०२२: ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि दाखवावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणलेलं हे मानक आहे. रिव्ह्यू लिहिणारा खरा माणूस आहे का याची पडताळणी करण्याच्या पद्धती त्यात दिल्या आहेत.

बदनामी: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे. पण लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट त्यातून वगळली आहे. म्हणून 'बॅटरी ७६ टक्के निघाली' लिहा, स्क्रीनशॉट जवळ ठेवा. 'चोर', 'टोळी' असे शब्द टाळा. पहिली गोष्ट सिद्ध करता येते, दुसरी सिद्ध करत बसावं लागतं.

रिव्ह्यू म्हणजे तक्रार नव्हे

हे नीट लक्षात ठेवा. रिव्ह्यू पुढच्या ग्राहकासाठी असतो. पैसे परत हवे असतील तर तक्रार वेगळी करावी लागते.

* आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.
* दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं.
* त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते.
* पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला असेल तर ती सायबर फसवणूक आहे. लगेच १९३० वर फोन करा.

आपल्या शहरासाठी एक खास सूचना. काही साइटच्या यादीत अजून 'औरंगाबाद' हेच जुनं नाव असतं, आणि बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. तक्रार भरताना किंवा विक्रेत्याचं ठिकाण बघताना राज्य आणि पिनकोड तपासा. आपल्याकडचा पिनकोड ४३१ ने सुरू होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर एखाद्या घरगुती माणसाकडून घेतलं तर?
स्वतःची एखादी जुनी वस्तू विकणाऱ्या खासगी माणसाला ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत. म्हणून तिथे आगाऊ पैसे न देता, वस्तू गर्दीच्या ठिकाणी प्रत्यक्ष बघून आणि बिल मागूनच व्यवहार करा. रिव्ह्यूची सोय असेल तर लिहा, पण त्या माणसाचा नंबर किंवा पत्ता कुठेही टाकू नका.

वस्तू बरी निघाली, फक्त मला आवडली नाही. वाईट रिव्ह्यू द्यावा का?
नाही. 'मला मोठी स्क्रीन हवी होती' हा विक्रेत्याचा दोष नाही. तसं स्पष्ट लिहून रेटिंग योग्य ते द्या.

माझा रिव्ह्यू दिसतच नाही, काय करू?
शिव्या, फोन नंबर किंवा लिंक असेल तर साइट रिव्ह्यू अडवते. ते काढून पुन्हा टाका. तरीही दिसला नाही तर कस्टमर केअरला लेखी कारण विचारा.

शेवटी

पुढच्या वेळी जुनी वस्तू घेताना तुम्हीही कुणाचा तरी रिव्ह्यू वाचूनच पैसे भरणार आहात. त्या अनोळखी माणसाने दहा मिनिटं काढून खरं लिहिलेलं असावं, अशीच तुमची अपेक्षा असेल. मग आज ती दहा मिनिटं आपण काढूया. राग शांत होऊ द्या, स्क्रीनशॉट समोर ठेवा आणि जे घडलं तेवढंच लिहा.

माहिती उपयोगी वाटली तर ऑनलाइन जुना फोन किंवा लॅपटॉप शोधत असलेल्या मित्राला नक्की पाठवा.