शब्द, रोखा आणि जामीन

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागलो आणि बावीस वर्षे वसुलीच्या टेबलावर काढली. मोडी शिकलो ती चाळिशीनंतर, रविवारच्या वर्गात. त्यामुळे जुना कागद हाती आला की माझी नजर लढाया आणि तहांकडे आधी जात नाही. कोण कोणाचे किती देणे लागत होता आणि जामीन कोण राहिला होता, हे मी आधी शोधतो. सवयीचा दोष म्हणा.

वसुलीला गेलो की एक वाक्य हमखास ऐकू येई. पूर्वीची माणसे शब्दाला जागायची, आता सही करूनही फिरतात. गंमत म्हणजे हे वाक्य थकबाकीदारही म्हणे आणि जामीनदारही. पूर्वीची माणसे खरोखर शब्दाला जागत होती का, आणि जागत असतील तर कशाच्या जोरावर, हे पाहण्यासाठी गेली काही वर्षे मी फावल्या वेळात वाचत आलो. त्यातले काही येथे मांडतो.

आरंभ एका मोठ्या कर्जदारापासून करू. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारले. त्यांचा पराक्रम शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो; त्यांचे कर्ज तेवढे ठाऊक नसते. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने टेकीस आलेला पेशवा दिसतो, आणि हे स्वामी स्वतःही त्यांचे धनकोच होते. फौजेला पगार रोख लागे, मुलखाचा वसूल मागाहून येई. मधली खिंड सावकार भरून काढत. अशा सावकारांपैकी एक बाबूजी नाईक जोशी बारामतीकर. पुढे मोरोपंतांचे आश्रयदाते झाले ते हेच. बाजीरावांची बहीण भिऊबाई बाबूजींच्या भावाला, आबाजी नाईकांना, दिलेली होती. म्हणजे नानासाहेबांच्या आत्याचे हे दीर.

बाजीराव गेल्यावर याच बाबूजींनी पेशवेपदावर दावा सांगितला. रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता आणि शाहू महाराजांना मोठा नजराणा देण्याची तयारी होती. शिवाय एक धारदार हत्यार हाताशी होते, ते म्हणजे बाजीरावांकडील येणे. बापाचे देणे आधी फेड, हा तगादा एकोणीस वर्षांच्या नानासाहेबांमागे लागला. देणे न फेडणाऱ्याच्या हाती राज्याचा कारभार कसा द्यावा, हा प्रश्न दरबारात कोणी उघड विचारला नसला, तरी तो हवेत होताच.

नानासाहेबांना यातून सोडवले ते महादोबा पुरंदरे यांनी. ग्रँट डफने हे नोंदवले आहे. आपले वजन आणि सावकारांतली आपली पत खर्ची घालून पुरंदऱ्यांनी धन्याला या कर्जातून मोकळे केले, आणि नानासाहेबांनी त्या उपकाराची जाणीव शेवटपर्यंत ठेवली, असे तो म्हणतो. जून १७४० मध्ये पेशवाईची वस्त्रे नानासाहेबांना मिळाली. त्यामागे शाहू महाराजांचा निर्णय होता, राजकारणही होते. पण या सगळ्याखाली एका माणसाचा दुसऱ्यासाठी टाकलेला शब्द आहे, तो आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही.

कर्जाचे ओझे पुढच्या पिढीवरही उतरलेच. पानिपतानंतर गादीवर आलेल्या माधवरावांनी मरणापूर्वी थेऊर मुक्कामी नऊ कलमांची यादी करवून घेतली, तीत कर्ज फेडण्याचे कलम आहे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते वारले. क्षयाने खंगलेल्या, सत्ताविशीच्या माणसाला शेवटच्या आठवड्यांत सावकारांचे देणे डोळ्यांपुढे दिसावे, हे वाचताना माझ्यासारख्या वसुली कारकुनाला जरा गलबलून येते.

आता सावकारांच्या बाजूने पाहू. त्यांचा सगळा धंदा हुंडीवर चाले. चांदवडी, अंकुशी अशा अनेक नाण्यांच्या त्या काळात दूरच्या मुलखातला पैसा पुण्याला आणायचा तर नाणी लादलेला उंट चोरांच्या हाती लागण्याचा धोका; त्यापेक्षा कागदाचा एक तुकडा बरा. अमक्याने तमक्यास इतके रुपये द्यावेत, एवढाच त्याचा अर्थ. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. रक्कम अंकात लिहायची, अक्षरात लिहायची, आणि वर तिची निम्मीही लिहायची: शंभर रुपये, निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे. एक शून्य वाढवायचे तर लबाडाला तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे. म्हणजे हे लोक एकमेकांवर डोळे मिटून विश्वास टाकत होते, असे समजायचे कारण नाही. विश्वास टाकण्याआधी ते त्याला कुंपण घालून घेत.

शाहजोग हुंडीचे पैसे बाजारातल्या नामांकित, पतदार पेढीमार्फतच द्यायचे. पुढे घोटाळा निघाला तर कोणाला धरायचे हे ठाऊक असावे म्हणून. हुंडी हरवली तर दुसरी प्रत देत, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोका. आज खोका म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे भलतेच काही येईल, असो.

मला सर्वांत विलक्षण वाटली ती जिकरी चिठ्ठी. हुंडी ज्याच्यावर लिहिली त्याने ती सकारली नाही, तर लिहिणाऱ्याची नाचक्की ठरलेली. ती टळावी म्हणून हुंडीबरोबर एक चिठ्ठी देत. हुंडी परत फिरली, तर त्याच बाजारातल्या अमक्या पेढीकडे जा, ती माझ्या नावाखातर पैसे देईल, असा तिचा आशय. आपला शब्द आपल्याच्याने पाळला जाणार नाही, ही शक्यता आधीच गृहीत धरून तो पाळणारा दुसरा माणूस नेमून ठेवायचा! पुरंदऱ्यांनी नानासाहेबांसाठी केले ते दुसरे काय होते?

१८८१ साली सरकारने हुंड्या-चेकांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज त्याने शाबूत ठेवले. रिवाज काय हे ठरवण्यासाठी व्यापाऱ्यांच्या साक्षी घ्याव्या लागत.

पण त्या काळाचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. शब्द मोडला तर काय होई, हे एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात आहे. पेशवाईत धनकोने आपले येणे आपणच वसूल करायचे, असा एकंदर रिवाज होता. तगादा साध्या मागणीने सुरू होई. मग दारात माणूस बसे, ऋणकोचे जेवण अडवले जाई, आणि प्रकरण चिघळले तर डोक्यावर दगड देऊन भर उन्हात उभे करण्यापर्यंत मजल जाई. मात्र यालाही एक मर्यादा होती. सावकाराला त्याच गावात राहायचे असे, पाटलाशी आणि पंचांशी बोलायचे असे. पंचायतीपुढे जाण्याआधी दोन्ही पक्ष पंचांचा निवाडा मान्य असल्याचा कागद लिहून देत. त्या कागदाला राजीनामा म्हणत. आज त्याच शब्दाचा अर्थ खुर्ची सोडणे असा झाला आहे. निवाड्याप्रमाणे वागण्यासाठी जामीन घेत. हाजिरजामीन माणूस हजर करण्याची हमी घेई, मालजामीन पैशाची.

ही घडी इंग्रजी दिवाणी कोर्टांनी मोडली, आणि तीही चांगल्या हेतूने. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांत लावण्याचे बंधन घातले. ऋणकोची जुन्या देण्यातून सुटका व्हावी हा विचार. झाले उलटे. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात घाली. कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. आत काय लिहिले ते त्याला वाचता येत नसे. मग दावा, एकतर्फी हुकूमनामा आणि जप्ती. सावकाराला आता पाटलाची गरज उरली नाही, पंचांची नाही, जामिनाचीही फारशी नाही.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि कापसाचे चढलेले भाव कोसळले. त्यातच नव्या आकारणीत सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. तेथून पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव तेच घडले. चौकशी आयोगाला एक गोष्ट ठळकपणे दिसली. माणसांना इजा फार थोड्या ठिकाणी झाली होती. लोकांना हवे होते ते रोखे. रोखे हाती मिळाले की ते जाळायचे किंवा फाडायचे, आणि बहुधा तेवढ्यावर दंगा थांबे.

हे लोक देणे बुडवायला निघाले होते, असे त्या वेळी म्हटले गेले आणि अजूनही कधी कधी म्हटले जाते. मला ते पटत नाही. त्यांनी जाळला तो आपला शब्द नव्हता. त्यांच्या नांगराखाली दुसऱ्याने लिहिलेला मजकूर त्यांनी जाळला. १८७९ च्या शेतकरी कायद्याने हे एका परीने मान्यच केले. रोख्यावरच्या आकड्याशी न थांबता व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, आणि शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकापुढे लिहून त्याला समजावून देण्याची तजवीज झाली.

आमच्या पतसंस्थेच्या छापील अर्जावर जामीनदाराच्या सहीसाठी दोन चौकोन असतात. वर बारीक अक्षरांत पाऊण पानाचा मजकूर. बावीस वर्षांत तो वाचून सही करणारे मी फार थोडे पाहिले; विचारले तर म्हणत, मित्रासाठी करतोय, वाचायचे काय त्यात. त्यांच्याकडे वसुलीची नोटीस घेऊन मलाच जावे लागे. शिव्या मी खाल्ल्या आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ रास्त होत्या.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. १९८३ साली, मी आठवीत असताना, त्यांच्या एका सहकाऱ्याच्या कर्जाला ते जामीन राहिले. ते गृहस्थ नोकरी सोडून गाव सोडून गेले आणि हप्ते वडिलांच्या पगारातून कापले जाऊ लागले. ते चार वर्षे चालले. मला कबूल केलेली सायकल आली नाही. आई त्या माणसाचे नाव घरात काढू देत नसे. वडील मात्र त्याच्याविषयी कधी वावगे बोलले नाहीत. मी एकदा चिडून विचारले तेव्हा म्हणाले, "बाळ, सही माझी होती."

ते गेल्यावर त्यांची ट्रंक मी उघडली. सेवापुस्तकाच्या नकला, विम्याचे कागद आणि त्या कर्जाच्या शेवटच्या हप्त्याची पावती, चार घड्या घातलेली. मोडीच्या वर्गात खोका शब्द शिकलो तेव्हा मला तीच आठवली. तिच्याच खाली दुसरा एक कागद होता, आणखी एका शिक्षकाच्या कर्जाच्या जामीनपत्राची नक्कल. तारीख पाहिली. पावतीनंतर दोन वर्षांची होती, आणि जामीनदाराच्या चौकोनात वडिलांची सही होती.