तराजू आणि पारख : रुग्णालयांतील प्रतिजैविकांच्या मोजमापाचा इतिहास

१/ धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीर हे गाव किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात ओळखले जाते. भांडे तराजूत किती भरते, हा एक प्रश्न. ते गळते की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काटा देतो, दुसऱ्यासाठी पारख लागते. प्रतिजैविकांचा हिशेब मांडताना वैद्यकालाही आधी काटा सापडला, पारख नंतर.

२/ १९४० च्या दशकाच्या आरंभी पेनिसिलिन इतके दुर्मीळ होते की रुग्णाच्या लघवीतून ते परत मिळवून पुन्हा वापरले जाई. टंचाई हाच तेव्हाचा लगाम होता. ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी इशारा दिला : अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देण्यास सरावतात.

३/ महाराष्ट्रात हा लगाम सैल झाला तो पिंपरीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. नवस्वतंत्र देशापुढचा प्रश्न रास्तच होता : औषध सर्वांना पुरेल का? ते योग्य तेथेच वापरले जाते का, हा प्रश्न विपुलतेनंतरचा.

४/ प्रथम काटा आला. १९६९ च्या ऑस्लो येथील परिषदेनंतर नॉर्वेतील संशोधकांनी एक एकक घडवले : प्रौढ व्यक्तीस औषधाच्या मुख्य उपयोगासाठी दिवसाला लागणारी सरासरी मात्रा. तोंडावाटे घ्यायच्या अमॉक्सिसिलिनसाठी ती आज १.५ ग्रॅम मानली जाते. दर १०० खाटा-दिवसांमागे अशा किती मात्रा खर्च झाल्या, हे काढले की दोन रुग्णालयांची तुलना करता येते. मात्र हे वजन झाले; गरज होती की नव्हती, हे त्यातून कळत नाही.

५/ पारखीचा मार्ग १९७३ मध्ये अमेरिकन वैद्य कॅल्व्हिन कुनिन यांनी दाखवला. तज्ज्ञाने प्रत्येक रुग्णाची नोंद वाचावी आणि औषधयोजना पूर्ण योग्य ते पूर्णतः अनावश्यक अशा पाच वर्गांपैकी एकात घालावी. १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या इंगे गिसेन्स आणि सहकाऱ्यांनी याची प्रश्नमालिका केली. नोंद पुरेशी आहे का? प्रतिजैविक हवेच होते का? अधिक परिणामकारक, कमी विषारी, स्वस्त किंवा मोजक्याच जंतूंवर चालणारा पर्याय होता का? कालावधी, मात्रा, वेळ बरोबर होती का? यांतील पहिला प्रश्न सर्वांत कठीण. कारण केसपेपरवर कारणच लिहिलेले नसेल, तर न्याय कशावरून करायचा?

६/ भारतात राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. ९,६५२ दाखल रुग्णांपैकी ७१.९ टक्के रुग्णांना प्रतिजैविके सुरू होती. त्यांतील ५५ टक्के औषधयोजना संसर्ग होऊ नये म्हणून, तर ४५ टक्के उपचारासाठी होत्या. उपचारासाठी दिलेल्यांपैकी केवळ ६ टक्के निश्चित निदानानंतरच्या होत्या.

७/ हे आकडे आरोपपत्र म्हणून वाचणे चुकीचे ठरेल. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला रुग्ण कल्चरच्या अहवालासाठी दोन-तीन दिवस थांबू शकत नाही. तेथे अंदाजाने दिलेला पहिला डोस हेच योग्य वैद्यक. चूक पुढे होते. अहवाल येऊनही औषध बदलले जात नाही, किंवा नमुना मुळातच घेतला जात नाही. शस्त्रक्रियेतही चिरेआधीचा डोस संरक्षण देतो. जखम शिवल्यानंतर केवळ खबरदारी म्हणून पुढे चालणारे डोस बहुतेकदा निरुपयोगी असतात.

८/ म्हणून या साऱ्या मोजमापाचे सार दोन साध्या नोंदींत आहे : औषध का सुरू केले, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फेरविचार झाला का? सोनगीरचा रुग्ण धुळ्यात दाखल होवो वा मुंबईत, औषध त्याच्यावर चालेल की नाही, हे आधीच्या असंख्य रुग्णांच्या कागदांवरील या दोन ओळींवरही ठरते. फ्लेमिंग यांचा इशारा जुना आहे. तो पाळला जातो का, हे तपासण्याचे साधन मात्र आज हाती आहे.